अमेरिकेतलं क्लासिकल म्युझिक, तिथले कंपोझर आणि संस्था: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतले लोक मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा बसून सगळं नीट लिहून ठेवतोय. क्रम काही ठरवलेला नाही, जसे प्रश्न आले तशी उत्तरं. काही उत्तरं लांबलीयत कारण ती माणसं मला फार जवळची वाटतात.

क्लासिकल म्हटलं की बाख, मोझार्ट, बेथोवन. अमेरिकेचं वेगळं असं काही आहे का?

आहे आणि भरपूर आहे, फक्त त्याची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. युरोपात चर्चच्या आणि राजेरजवाड्यांच्या आश्रयाने आधी संगीत झालं, मोठाले हॉल आणि कॉन्सर्ट सोसायट्या मागाहून आल्या. अमेरिकेत आधी ऑर्केस्ट्रा उभे राहिले, हॉल बांधले गेले, वाजवणारे बाहेरून आणले, आणि त्या हॉलमध्ये आपल्याच माणसाने लिहिलेलं वाजवायला मात्र कित्येक पिढ्या लावल्या. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, ते इथे अगदी तंतोतंत लागू पडतं. खालची बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात.

मग सुरुवात कोणापासून धरायची?

विल्यम बिलिंग्ज. बॉस्टनचा माणूस, धंद्याने चामडं कमावणारा, संगीत स्वतःच शिकलेला. १७७० साली त्याने स्वतःच्या रचनांचं भजनांचं पुस्तक छापलं, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या सहा वर्षं आधी. त्यानंतर बॉस्टनमध्येच १८१५ ला एक गायन सोसायटी निघाली आणि तिचं नाव ठेवलं हॅंडेल अँड हायडन सोसायटी, ती आजही चालू आहे. नावातच बघा, दोन्ही युरोपातले.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक खरंच इतकी जुनी आहे का?

हो, १८४२ ची, अमेरिकेतल्या आज चालू असलेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रांमध्ये सगळ्यात जुनी. युरेली कोरेली हिल नावाच्या व्हायोलिनवाल्याने पुढाकार घेतला आणि वाजवणाऱ्यांनीच मिळून ती काढली, सहकारी संस्थेसारखी, जे उरेल ते आपसात वाटून घ्यायचं. ७ डिसेंबर १८४२ च्या पहिल्या कार्यक्रमात बेथोवनची पाचवी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, भागाभागांची रचना, होती.

बारा वर्षांतच पहिलं भांडण झालं. जॉर्ज ब्रिस्टो नावाचा कंपोझर, म्हणजे संगीत लिहिणारा, याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा, त्याने १८५४ मध्ये जाहीर तक्रार केली की ही संस्था अमेरिकन माणसाचं काही वाजवतच नाही, आणि राजीनामा दिला. नंतर तो परत आला, पण त्याने काढलेला प्रश्न पुढे शंभर वर्षं तसाच लोंबकळत राहिला.

तिकडे ऑर्केस्ट्रा सरकार चालवतं का? पैसा येतो कुठून?

सरकार नाही, हा फार मोठा फरक आहे. जर्मनी ऑस्ट्रियात दरबार होते, नंतर नगरपालिका आणि सरकार आलं. अमेरिकेत सगळा खेळ श्रीमंत माणसांच्या खिशावर आणि त्यांच्या हौसेवर चालला. बॉस्टन सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा १८८१ मध्ये काढला तो हेन्री ली हिगिन्सन या एकट्या बँकरने. तरुणपणी तो व्हिएन्नाला संगीत शिकायला गेला होता, जमलं नाही, सिव्हिल वॉरमध्ये लढला, मग पैसे कमावले आणि दरवर्षी ऑर्केस्ट्राचा तोटा स्वतः भरत राहिला, वर्षानुवर्षं. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पण पैसा एकाचा म्हणजे शब्दही एकाचाच, तिथल्या वादकांना युनियनमध्ये जायला १९४२ साल उजाडलं.

मेट्रोपॉलिटन ऑपेराची (ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक) गोष्ट तर निव्वळ खुर्च्यांवरून झाली. न्यूयॉर्कच्या जुन्या ऑपेरा हाऊसमध्ये खानदानी श्रीमंतांनी बॉक्स अडवून ठेवले होते, व्हँडरबिल्टसारख्या नव्या श्रीमंतांना तिथे जागा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचंच ऑपेरा हाऊस बांधलं आणि १८८३ मध्ये गुनोच्या फाउस्ट या ऑपेराने ते सुरू झालं. तीन वर्षांत जुन्या हाऊसने ऑपेरा करणं सोडून दिलं. कार्नेगी हॉल १८९१ चा, स्टीलवाल्या कार्नेगीच्या पैशाचा, उद्घाटनाला खुद्द रशियन कंपोझर चायकोव्स्की येऊन कंडक्ट करून, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून वाजवून घेऊन, गेला. रॉचेस्टरचं ईस्टमन स्कूल कोडॅक कॅमेरावाल्या ईस्टमनचं, १९२१ चं. न्यूयॉर्कच्या जुलियर्ड संगीत शाळेच्या नावामागे एक कापडाचा व्यापारी आहे.

सरकार थेट उतरलं ते मंदीत, १९३५ पासून, जेव्हा बेकार वादकांना पगार देऊन गावोगाव कार्यक्रम करवले. कायमची राष्ट्रीय कलानिधी संस्था झाली ती १९६५ मध्ये, आणि तिच्या पैशावर एवढे मोठे ऑर्केस्ट्रा चालणं शक्यच नाही, देणगीदार लागतातच.

सगळे कंडक्टर जर्मन का असायचे?

कारण वाजवणारेही जर्मन असायचे, रिहर्सलची भाषाही बऱ्याच ठिकाणी जर्मन. थिओडोर थॉमस हे सगळ्यात मोठं नाव, लहानपणी जर्मनीतून आला, स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन रेल्वेने देशभर फिरला, ज्या गावांनी कधी सिम्फनी ऐकली नव्हती तिथे ऐकवली. १८९१ मध्ये शिकागोने त्याला कायमचा ऑर्केस्ट्रा दिला. त्याला स्वतःचा हॉल हवा होता, तो डिसेंबर १९०४ मध्ये उघडला आणि तीनच आठवड्यांत, ४ जानेवारी १९०५ ला, थॉमस न्यूमोनियाने गेला.

पहिल्या महायुद्धात हेच जर्मनपण अंगाशी आलं. बॉस्टनचा कंडक्टर कार्ल मुक याला १९१८ मध्ये पकडून जॉर्जियातल्या छावणीत डांबलं. त्यानंतर वारा जर्मनीकडून फ्रान्स आणि रशियाकडे वळला.

आणि हो, बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये कधी गेलात तर स्टेजच्या वर बघा. हॉल १९०० चा, हार्वर्डच्या फिजिक्सवाल्या वॉलेस सबिनने आवाजाचं गणित करून बांधून घेतला, जगातल्या उत्तम हॉलमध्ये गणला जातो. स्टेजभोवती कंपोझरांची नावं कोरायला पाट्या केल्यात, त्यातल्या एकाच पाटीवर नाव आहे, बेथोवन. बाकी कोणाची नावं घालायची यावर एकमत झालं नाही म्हणून त्या अजून कोऱ्याच आहेत. मला ही कोरी पाटी अमेरिकन संगीताचा सगळा इतिहास सांगते असं वाटतं.

ड्वोर्झाकची न्यू वर्ल्ड सिम्फनी अमेरिकन म्हणायची की चेक?

माझ्या मते चेकच, ड्वोर्झाक चेक कंपोझर होता, पण तिच्यामुळे अमेरिकेत जे झालं ते फार मोठं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जेनेट थर्बर नावाच्या बाईंनी १८८५ मध्ये न्यूयॉर्कला नॅशनल कॉन्झर्व्हेटरी काढली. हेतू स्पष्ट होता, आपल्या मुलांना शिकायला युरोपात जावं लागू नये. आणि त्या काळात, लक्षात घ्या, त्यांनी काळ्या विद्यार्थ्यांना, मुलींना आणि अपंगांना दारं उघडी ठेवली. १८९२ मध्ये त्यांनी प्रागहून ड्वोर्झाकला डायरेक्टर म्हणून आणलं, वर्षाला १५,००० डॉलर पगार, प्रागमधल्या पगाराच्या कितीतरी पट. तिथे हॅरी बर्ली नावाचा काळा विद्यार्थी होता, त्याचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, आंधळे, त्यांच्या तोंडून तो लहानपणी गुलामांची गाणी म्हणजे स्पिरिच्युअल्स शिकला होता. तो ही गाणी ड्वोर्झाकला म्हणून दाखवायचा. आणि मे १८९३ मध्ये ड्वोर्झाकने पेपरमध्ये सरळ सांगून टाकलं की या देशाचं पुढचं संगीत या काळ्या लोकांच्या गाण्यांवरच उभं राहायला हवं. बॉस्टनच्या मोठमोठ्या लोकांना ते झोंबलं. बाहेरून आलेल्या माणसाला जे वर्षभरात ऐकू आलं ते घरच्यांना ऐकूच येत नव्हतं.

सिम्फनी १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये झाली आणि तुफान गाजली. त्यातल्या संथ भागातली धून म्हणजे जुनं स्पिरिच्युअल आहे असं खूप जण सांगतात, ते चूक आहे. धून ड्वोर्झाकची, त्यावर शब्द त्याच्या एका विद्यार्थ्याने १९२२ मध्ये बसवले, मग लोकांना वाटलं गाणं आधीचं.

१८९३ च्या मंदीत थर्बर कुटुंबाचा पैसा बुडाला, पगार रखडायला लागले, १८९५ मध्ये ड्वोर्झाक परत गेला आणि संस्था हळूहळू विझली. पण त्याचा तिथला एक विद्यार्थी रूबिन गोल्डमार्क पुढे शिक्षक झाला आणि त्याच्याकडे कोप्लंड शिकला, थोडे दिवस गर्श्विनही, या दोघा कंपोझरांबद्दल खाली येतंच. संस्था गेली तरी विद्या अशी हातातून हातात जात राहिली.

कंपोझर चार्ल्स आइव्हज इन्शुरन्सवाला होता हे खरं का?

अगदी खरं, आणि साधा एजंट नाही, न्यूयॉर्कमधल्या एका यशस्वी इन्शुरन्स एजन्सीचा भागीदार. १८७४ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला जन्म, वडील सिव्हिल वॉरमधले बँडमास्टर आणि भन्नाट डोक्याचे, दोन बँड दोन दिशांनी वेगवेगळी गाणी वाजवत एकमेकांकडे चालवायचे आणि मधे कसं ऐकू येतं ते बघायचे. पोराच्या कानात ते कायमचं बसलं. येलमध्ये रीतसर शिकला, पण त्याच्या डोक्यातलं संगीत विकून घर चालणार नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून दिवसा ऑफिस आणि रात्री, सुट्टीत, शनिवार रविवार लिहिणं. एकाच वेळी दोन सूर, दोन ताल, मधेच गावातलं एखादं भजन, एखादा मार्च, सगळं एकमेकांवर आदळतंय, आणि हे तो लिहीत होता १९०० ते १९२० च्या काळात. कोणी वाजवेना. १९२२ मध्ये त्याने आपली ११४ गाणी स्वतःच्या खर्चाने छापली आणि लोकांना फुकट पोस्टाने पाठवली. तोपर्यंत तब्येत खचली होती, थोड्याच वर्षांत नवीन लिहिणं जवळजवळ थांबलं.

मग १९३९ मध्ये जॉन कर्कपॅट्रिकने न्यूयॉर्कला कॉन्कॉर्ड सोनाटा ही त्याची पियानोची रचना अख्खी वाजवली आणि लोक चमकले. तिसरी सिम्फनी लिहून तीसपेक्षा जास्त वर्षं झाल्यावर १९४६ ला पहिल्यांदा वाजली आणि १९४७ चं पुलित्झर, अमेरिकेतलं मोठं पारितोषिक, तिला मिळालं. दुसरी सिम्फनी कंडक्टर बर्नस्टाइनने १९५१ ला वाजवून घेतली, आणि चौथी पूर्णपणे वाजायला १९६५ उजाडलं, आइव्हज १९५४ मध्येच गेला होता. ऑफिसमधून दमून येऊन, कोणी ऐकणार नाही हे माहीत असताना, वीस वर्षं लिहीत राहायचं. मी नोकरी करणारा माणूस आहे, मला हे वाचताना गलबलून येतं.

बाई कंपोझर कोणी होत्या का?

होत्या. एमी बीचची गेलिक सिम्फनी बॉस्टन सिम्फनीने १८९६ मध्ये केली, अमेरिकन बाईने लिहिलेली छापून आलेली पहिली सिम्फनी. ती लहानपणापासून पियानोवर असामान्य होती, पण अठराव्या वर्षी लग्न झालं आणि डॉक्टर नवऱ्याने जाहीर कार्यक्रम जवळजवळ बंद करायला लावले, लिही म्हणाला, वाजवू नको. नवरा गेल्यावर ती युरोपात दौरे करायला निघाली. रूथ क्रॉफर्ड सीगरचा १९३१ चा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, ऐका, आजही काळाच्या पुढचा वाटतो.

फ्लॉरेन्स प्राइस अचानक सगळीकडे का ऐकू येते?

कारण एक पडकं घर.

प्राइस १८८७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉकला जन्मली, काळ्या डेंटिस्टची मुलगी, बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकली. रंगावरून त्रास होऊ नये म्हणून कॉलेजच्या कागदांवर तिचं गाव मेक्सिकोतलं लावलं होतं. १९२७ मध्ये लिटल रॉकमध्ये एका काळ्या माणसाला जमावाने मारलं, त्यानंतर हे कुटुंब शिकागोला आलं. घटस्फोट झाला, पदरी मुली, मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवून पोट भरलं आणि त्यातून सिम्फनी लिहिली. १९३२ मध्ये तिला वॅनामेकर स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळालं आणि १५ जून १९३३ ला शिकागो सिम्फनीने ती वाजवली. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने काळ्या बाईची सिम्फनी वाजवायची ही पहिलीच वेळ. त्या कार्यक्रमासाठी पैसा उभा केला तो शिकागोतल्याच एका काळ्या संगीत समीक्षक बाईंनी, मॉड रॉबर्ट्स जॉर्ज त्यांचं नाव. सिम्फनीचा तिसरा भाग म्हणजे जूबा, मळ्यांवर गुलाम लोक टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावर नाचायचे तो नाच. ड्वोर्झाक बोलला होता ते चाळीस वर्षांनी कुणीतरी आतून करून दाखवलं.

त्यानंतर काय? १९४३ मध्ये तिने बॉस्टनच्या कंडक्टरला, कुसेविट्स्कीला पत्र लिहिलं, सुरुवातीलाच सांगितलं की माझ्यापुढे दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काळं रक्त आहे, माझं काम फक्त कामाच्या गुणांवर बघा. बॉस्टनने तिचं काही वाजवलं नाही. १९५३ मध्ये ती गेली. आणि २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावात एका जोडप्याने मोडकळीला आलेलं घर दुरुस्तीला घेतलं, आत कागदांचे ढीग, ते तिचं उन्हाळ्यातलं घर होतं. दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राच्या रचना), चौथी सिम्फनी, बरंच काही तिथे मिळालं. छप्पर अजून थोडं गळलं असतं तर गेलंच होतं सगळं. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या तिच्या सिम्फनींच्या रेकॉर्डिंगला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं.

तिच्या बरोबरीने विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या कंपोझरचं नाव घ्यायलाच हवं, त्याची ॲफ्रो-अमेरिकन सिम्फनी १९३१ मध्ये रॉचेस्टरला झाली, ब्लूजच्या सुरावर बांधलेली. आणि गायिका मेरियन अँडरसन, जिला १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने काळी म्हणून नाकारलं आणि ती लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर ७५,००० लोकांसमोर गायली. शेवटच्या गाण्यांमधलं एक स्पिरिच्युअल फ्लॉरेन्स प्राइसने बांधलेलं होतं. मेटच्या, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या, स्टेजवर अँडरसनला पाय ठेवता आला तो १९५५ मध्ये, आणि काळ्या कंपोझरचा ऑपेरा मेटने पहिल्यांदा केला २०२१ मध्ये, टेरेन्स ब्लँचर्डचा. तारीख पुन्हा वाचा, २०२१.

गर्श्विन क्लासिकल धरायचा का?

मी धरतो. रॅप्सडी इन ब्लू १२ फेब्रुवारी १९२४ ला झाली, ती जॅझ बँडसाठी होती आणि वाद्यांची मांडणी फर्डे ग्रोफेने केली, हे खरं आहे, पण कानाला विचारा. पोर्गी अँड बेस १९३५ चा, ब्रॉडवेवर झाला, मेटने केला तो १९८५ मध्ये, पन्नास वर्षांनी. गर्श्विन ३८ व्या वर्षी ब्रेन ट्यूमरने गेला.

कोप्लंडचं संगीत खेड्यापाड्याचं वाटतं, तो कुठला?

ब्रुकलिनचा, लिथुआनियाहून आलेल्या ज्यू दुकानदाराचा मुलगा. १९२१ मध्ये पॅरिसजवळ शिकायला गेला, तिथे नादिया बूलांजे या बाई भेटल्या. अमेरिकन कंपोझरांच्या दोन तीन पिढ्या या एकट्या बाईंनी घडवल्या, पिस्टन, थॉमसन, कार्टर, पुढे फिलिप ग्लास, सगळे त्यांचेच. ॲपलेशियन स्प्रिंग हा बॅले ३० ऑक्टोबर १९४४ ला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये झाला, फक्त १३ वाद्यं, कारण तिथे जास्त मावत नव्हती. नाव नर्तकी मार्था ग्रॅहमने नंतर दिलं, लिहिताना त्याच्या डोक्यात कुठलेही डोंगर नव्हते. याच माणसाला १९५३ मध्ये कम्युनिस्ट शोधणाऱ्या मॅकार्थीच्या कमिटीपुढे उभं केलं आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या शपथविधीच्या कार्यक्रमातून त्याची लिंकनवरची रचना काढून टाकली.

बर्नस्टाइनचं नक्की महत्त्व काय?

१४ नोव्हेंबर १९४३ ला कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी पडला म्हणून २५ वर्षांचा हा पोरगा रिहर्सल न करता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे उभा राहिला, रेडिओवरून देशभर गेलं. १९५८ मध्ये तो तिथला म्युझिक डायरेक्टर झाला, अमेरिकेत जन्मलेला पहिला. टीव्हीवर मुलांसाठी त्याने केलेले कार्यक्रम आजही बघा, शिकवावं कसं ते कळतं.

साडेचार मिनिटं गप्प बसणं हे कसलं संगीत? आणि भारताचा काही संबंध?

दोन्हीची उत्तरं एकातच आहेत. जॉन केजची ती रचना, ज्यात वाजवणारा एकही सूर वाजवत नाही, २९ ऑगस्ट १९५२ ला वुडस्टॉकजवळच्या एका लाकडी हॉलमध्ये झाली, मागची बाजू जंगलाकडे उघडी, डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसून राहिला आणि लोकांनी वारा, छपरावरचा पाऊस आणि एकमेकांची कुजबुज ऐकली. त्याआधी १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला होत्या, त्यांनी केजला आपलं संगीत समजावलं, त्याने त्यांना काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक सुरावटी एकाच वेळी गुंफायचं युरोपीय तंत्र, शिकवलं. संगीत कशासाठी या त्याच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं, मन शांत करून ते दैवी स्पर्शाला तयार करायला, आणि ते केजने जन्मभर जपलं. त्यानंतरचं त्याचं पियानोवरचं मोठं काम थेट नवरसांवर आहे, पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि रबर अडकवून केलेलं, आपल्या कानाला ते परकं वाटत नाही.

पुढची कडी तर आपल्या दाराशीच येते. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली या अमेरिकन कंपोझरांनी त्यांचा गंडा बांधून वर्षानुवर्षं सेवा केली. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले त्याच घराण्याचे. मिनिमलिझममधला, म्हणजे थोड्याच सुरांवर पुन्हापुन्हा फिरणाऱ्या त्यांच्या संगीतातला, तो लांबच लांब एकच सूर ऐकताना तंबोरा आठवतो तो उगाच नाही. फिलिप ग्लासने पॅरिसमध्ये रविशंकरांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवताना आणि अल्लारखाँकडून ताल समजून घेताना स्वतःची वाट शोधली, पुढे कित्येक वर्षं न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवली, प्लंबिंग केलं. त्याच्या १९८० च्या सत्याग्रह ऑपेराचे सगळे शब्द भगवद्गीतेतले, संस्कृतात गायले जातात.

आणि मुंबईचे झुबिन मेहता १९६२ पासून लॉस एंजेलिसला आणि १९७८ ते १९९१ अशी १३ वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे म्युझिक डायरेक्टर होते.

पुलित्झर कोणाला मिळतं, जॅझवाल्यांना मिळत नाही का?

संगीताचं पुलित्झर १९४३ पासून आहे. १९६५ मध्ये ज्युरीने ड्यूक एलिंग्टनला खास सन्मान द्या सांगितलं, बोर्डाने नकार दिला, तिघांपैकी दोघा ज्युरींनी राजीनामे दिले. एलेन झ्विलिच १९८३ मधली पहिली बाई, जॉर्ज वॉकर १९९६ मधला पहिला काळा कंपोझर, जॅझला १९९७ मध्ये, रॅपला २०१८ मध्ये. एलिंग्टनला १९९९ मध्ये दिलं, तो जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

मुलगी व्हायोलिन शिकतेय, शिकायला कुठे जावं?

जुलियर्डचं नाव सगळ्यांना माहीत असतं. फिलाडेल्फियाचं कर्टिस १९२४ चं, मुलं फार थोडी घेतात, पण १९२८ पासून तिथे कोणालाच ट्यूशन फी नाही. खर्चाचा विचार असेल तर हे आधी बघा.

मी आजच ऐकायला बसलो तर कुठून सुरू करू?

ॲपलेशियन स्प्रिंग, तेरा वाद्यांचं मूळ रूप. मग सॅम्युअल बार्बरचं तंतुवाद्यांसाठीचं अडाजिओ, म्हणजे संथ रचना. मग फ्लॉरेन्स प्राइसची पहिली सिम्फनी, तिसरा भाग दोनदा. आइव्हजची मोठी कामं लगेच नको, आधी त्याचा सहा मिनिटांचा अनअन्सर्ड क्वेश्चन, रात्री, हेडफोन लावून. आणि ज्यांना कागद बघायची आवड आहे त्यांच्यासाठी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपले जुने कार्यक्रम ऑनलाइन फुकट ठेवलेत, १८४२ पासूनचे. ७ डिसेंबरचा तो पहिला कागद उघडा आणि त्यात एक तरी अमेरिकन कंपोझर सापडतो का बघा. मग तिथेच प्राइसचं नाव टाका आणि ती किती उशिरा येते ते बघा.